उशिरा उमटलेली रेघ

१

सात नंबरच्या खोलीतल्या आजी शनिवारी सकाळी गेल्या आणि त्याच दिवशी दुपारी गुन्हेगार सापडलासुद्धा. सोमवारी डॉक्टरबाई त्या वृद्धनिवासात पोचल्या, तेव्हा त्यांच्यासाठी चहा आणि निकाल, दोन्ही तयार होते.

"तुमचा फार वेळ घेणार नाही," असं म्हणत व्यवस्थापकांनी खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि जपून टेबलावर ठेवली. "हा पुरावा."

पिशवीत फ्लूच्या रॅपिड टेस्टची पट्टी होती, बोटभर लांब, पांढरी. कडेला मार्करने लिहिलं होतं, 'चिमणी'. मधल्या चौकोनात दोन रेघा. वरची ठसठशीत लाल. खालची मात्र अशी की आहे म्हणावी तर आहे, नाही म्हणावी तर नाही.

"चिमणी म्हणजे आमची वरच्या मजल्यावरची सेविका. सगळे तिला तेच म्हणतात. फ्लू अंगात घेऊन आजींच्या उशापायथ्याशी वावरली. आजींची टेस्ट शुक्रवारी पॉझिटिव्ह आली, हृदय आधीच नाजूक, दोन दिवसांत सगळं आटोपलं. उद्या दुपारी विश्वस्तांची बैठक आहे. तिला काढायचं आणि तसा शेरा मारायचा, एवढंच उरलंय. तुमची सही झाली की झालं."

"असा शेरा असला तर तिला दुसरीकडे काम मिळेल?"

"आजाऱ्यांच्या जवळपास तरी कुणी उभं करणार नाही. करूही नये."

डॉक्टरबाई आरोग्य खात्याच्या होत्या. त्यांचा आवाज इतका मऊ, की ऐकण्यासाठी समोरच्याला पुढे वाकावं लागे. आणि पुढे वाकलेला माणूस ठरवल्यापेक्षा जरा जास्तच बोलतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना त्यांचा एक नेम असे : स्वतः पाहिल्याशिवाय आज कुणाला दोष देणार नाही. नेम साधा, पण त्यांच्या नोकरीत पाळायला भलताच अवघड.

"ही पट्टी तुम्ही कधी पाहिलीत, साहेब?"

"शनिवारी दुपारी. आजींना नेल्यावर मी खाली गेटच्या केबिनमध्ये गेलो, तर तिथे खिडकीत पडलेली."

"आणि टेस्ट केली होती कधी?"

"सकाळी. ड्यूटीवर येणाऱ्या प्रत्येकाची होते, भेटायला येणाऱ्यांचीही होते." व्यवस्थापक जरा चिडले. "पण वेळेचा काय संबंध? रेघ ती रेघ."

डॉक्टरबाईंनी पिशवी उजेडासमोर धरली. वरची रेघ लाल होती. खालची लाल नव्हतीच. ती राखाडी होती.

त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "सही नंतर करते. आधी चिमणीला भेटू दे."

२

चिमणीला मागच्या कपड्यांच्या खोलीत एकटीला बसवलं होतं. शिक्षा म्हणून बसवलं होतं, पण तिचे हात ऐकत नव्हते. धुतलेल्या अभ्र्यांचा ढीग समोर घेऊन ती घड्या घालत होती. पंचविशीची, नावाप्रमाणेच हलकी. डोळे सुजलेले.

डॉक्टरबाई मास्क लावून दारातच स्टूल घेऊन बसल्या. "ताप आहे का गं?"

"नाही."

"खोकला? अंगदुखी? घसा?"

"काही नाही हो! तेच तर डाचतंय. माझ्या अंगाला काही झालं नाही आणि माझ्यामुळे त्या गेल्या." तिने अभ्रा तोंडाशी धरला. "मीच मारलं ना आजींना?"

"आजींच्या खोलीत मास्क काढायचीस कधी?"

"कध्धी नाही. आजीच म्हणायच्या, तुझं तोंड कसंय ते एकदा मरायच्या आधी दाखव." हे बोलून ती हसली, आणि आपण हसलो म्हणून पुन्हा रडली.

डॉक्टरबाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "शनिवारी तुझी पट्टी तू पाहिलीस?"

"कुठली पाहते! नाकात काडी फिरवली, थेंब टाकले, पट्टी खिडकीत ठेवली आणि वरून घंटा वाजली. सात नंबरची. धावत गेले ती मग तिथेच. आजींचा हात हातात होता. त्या गेल्यावर अंघोळ घातली, केस विंचरले, आजोबांना बसवलं. खाली आले तेव्हा साहेब पट्टी हातात घेऊन उभे होते."

"म्हणजे पंधरा मिनिटांनी ती कुणीच वाचली नाही."

"नाही. पण त्यानं काय होतं? पट्टी खोटं कशाला बोलेल? तिचं माझ्याशी काय वैर?"

डॉक्टरबाईंनी पट्टीचा विषय तिथेच ठेवला. "आजींना ताप कधी आला?"

"गुरुवारी रात्री. बुधवारपर्यंत ठणठणीत होत्या, तोंडाचा पट्टा चालू होता. पायाचं हाड मोडल्यापासून पलंग सोडला नव्हता एवढंच."

"त्या आठवड्यात खोलीत कोण कोण आलं?"

"मी. इंजेक्शन द्यायला गेटवरच्या सिस्टर. व्यायाममास्तर. आणि आजोबा, ते तर रोजच. समोरच्या इमारतीतच खोली घेतलीये त्यांनी, आजींसाठी. बास, चौघंच. आणि चौघांचीही रोज टेस्ट व्हायची."

"आणखी काही आठवतं? वेगळं काही?"

चिमणीने हातातल्या अभ्र्याची घडी मोडली. पुन्हा घातली. "नाही."

डॉक्टरबाई उठल्या. ती विनाकारण मोडलेली घडी मात्र त्यांनी लक्षात ठेवली.

३

गेटवरच्या केबिनला एकच खिडकी होती, आणि दुपारच्या उन्हाने तिची दगडी फळी हात ठेववणार नाही इतकी तापत असे. तिथे सिस्टर बसत. गोल चेहरा, मोठा आवाज आणि स्वतःच्या कामाचा अभिमान.

"माझा हात हलका आहे हो, डॉक्टरबाई. आजवर माझ्या हातून टेस्ट करताना कुणी शिंकलेलं नाही. लोक लांबून येऊन म्हणतात, आमच्या नाकात तुम्हीच काडी घाला."

"रोज इतकी नाकं बघता. ओळखीची झाली असतील."

"तोंडं झाकलेली असतात, पण नाकावरून मी माणूस सांगते!" सिस्टरांना विषय आवडला. "व्यायाममास्तरांचं नाक म्हणजे बोगदा, काडी आत हरवायची भीती. चिमणीला गुदगुल्या होतात. साहेब डोळे असे मिटून घेतात, जसं काही डोंगरावरून ढकलतेय त्यांना. आणि सात नंबरचे आजोबा? वा! त्यांचं नाक म्हणजे धुतल्या तांदळासारखं. काडी आत जाते तशीच बाहेर येते, पांढरीशुभ्र, नुसती ओलसर. त्या वयात इतका टापटिपीचा माणूस मी नाही पाहिला."

"तुमची स्वतःची?"

"सगळ्यांच्या आधी. मी कुणाला सूट देत नाही, मला कशी देऊ?" सिस्टरांचा आवाज अचानक खाली आला. "चिमणीनं पट्टी ठेवली तेव्हा मीही घंटा ऐकून वर धावले. ती वाचायची माझी जबाबदारी होती. ते राहिलंच."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडून पाच कोऱ्या पट्ट्या मागून घेतल्या. चार पट्ट्यांसाठी स्वतःच्याच नाकात एकेक काडी फिरवली. पाचवी काडी पाण्याच्या पेल्यात बुडवली. सगळ्यांवर थेंब टाकले, क्रमांक लिहिले आणि पट्ट्या खिडकीच्या फळीवर ओळीने मांडल्या. पंधरा मिनिटांनी दोघी वाकून पाहू लागल्या. पाचही पट्ट्यांवर एकेकच रेघ, वरची, लालभडक.

"पाचही निगेटिव्ह," सिस्टर म्हणाल्या. "आणि वरची रेघ आलीये, म्हणजे टेस्ट बरोबर झाली."

"पाचवीसुद्धा?"

"पाचवीसुद्धा."

"पाचवीच्या काडीला तर कुणाचं नाकच लागलेलं नाही, सिस्टर. नुसतं पाणी होतं."

सिस्टर हसू लागल्या आणि हसता हसता मध्येच थांबल्या.

"आता संध्याकाळपर्यंत यांना हात लावू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

४

व्यायाममास्तर भेटायच्या आधी त्यांचा खोकला भेटला. जिन्यात तो वरून खाली आला आणि मागोमाग मास्तर आले. उंच, खांदे रुंद, चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा.

"मला ठाऊक आहे, आता माझ्यावर येणार," ते स्वतःहूनच म्हणाले. "हा खोकला धुळीचा आहे. दर वर्षी याच दिवसांत असतो. माझी टेस्ट रोज निगेटिव्ह. पण लोक माझ्याकडे बघतात आणि चिमणीकडे बघून सुटकेचा श्वास सोडतात. मीही सोडला, खोटं कशाला बोलू? मला दोन रात्री झोप नाहीये त्यापायी."

"तुमच्यावर काही आलेलं नाही अजून. आजींकडे शेवटचे कधी गेलात?"

"मंगळवारी दुपारी. पायाचे व्यायाम करून घ्यायचे होते. पण त्या दिवशी आजींचं काही खरं नव्हतं."

"म्हणजे आजारी वाटल्या?"

"छे हो! तब्येत झकास. स्वभाव बिघडला होता. बाहेर हा उकाडा आणि खोलीची खिडकी गच्च बंद. मी घामाने निथळतोय. उघडायला गेलो तर आजी डोळे वटारून म्हणाल्या, 'राहू दे ती! मला थंडी वाजतेय.' मी म्हटलं, बरं बाई, तुमची खोली, तुमची थंडी."

"अंगावर पांघरूण होतं?"

मास्तर विचारात पडले. "नाही. उलट हातात वर्तमानपत्र होतं. त्याने वारा घेत होत्या." त्यांनी खांदे उडवले. "म्हातारपण, दुसरं काय!"

"खोलीत आणखी कोण होतं?"

"चिमणी पाणी भरत होती. आणि आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत, नेहमीसारखे. ते कुठे काय बोलतात?"

डॉक्टरबाई जिना चढू लागल्या. थंडी वाजतेय म्हणणारी बाई वारा घेत होती. मग थंडी वाजत होती कुणाला?

५

सात नंबरची खोली तशीच होती. पलंगावर नवी चादर, उशाला चष्म्याचं घर, भिंतीवर घड्याळ. आजोबा नुकतेच गेटवर टेस्ट करून वर आले होते, आजींचं सामान न्यायला. ऐंशीच्या घरातले, किरकोळ, शर्टाच्या बाह्यांना कडक इस्त्री. मास्क इतका नेटका बांधलेला, की सुईलाही वाट मिळू नये.

"या," ते उभे राहिले. "लांब बसा माझ्यापासून. इथे तिचा आजार आहे, माझ्याही अंगात आला असेल. खिडकी उघडतो."

"बसा हो तुम्ही. मी उघडते."

ते बसले नाहीत. पलंगाखाली आजींच्या सपाता राहिल्या होत्या, त्या काढायला ते वाकले. वाकताना मास्क हनुवटीकडे घसरला आणि ते तसेच थांबले. फरशीवर टपटप दोन थेंब पडले, स्वच्छ, पाण्यासारखे.

दारातून डोकावणाऱ्या सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या निघून गेल्या. डॉक्टरबाईंनाही गलबलून आलं. पण आजोबा सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, नाकाला लावला, घडी न मोडता परत ठेवला आणि मास्क पुन्हा नीट बांधला.

"माफ करा," ते म्हणाले.

"साठ वर्षांचा संसार असेल."

"बासष्ट. बासष्ट वर्षं मी व्यवस्थित आणि ती पसारा. घराबाहेर पडताना मी तीनदा हात धुवायचो आणि ती हसायची. म्हणायची, देव तुम्हाला दारातच अडवणार आहे, साबण संपवलात म्हणून." सपाता त्यांनी कागदात गुंडाळल्या. "ती इथे आल्यापासून मी तर फारच जपत होतो. लेकीकडे गेलो तरी तोंड बांधून. ती आजारी पडायच्या आधीच्या रविवारी नात मांडीवर येऊन बसली, नाक गळत होतं तिचं, तर तिला खाली ठेवलं. रुसली पोर."

डॉक्टरबाईंनी तो रविवार मनात टिपून घेतला. मग म्हणाल्या, "चौघांचेही नमुने मी मोठ्या लॅबला पाठवणार आहे. तिथली तपासणी जास्त बारीक असते. संध्याकाळी तुमचाही घेईन."

"अवश्य." ते घाईने म्हणाले, "फक्त आधी दहा मिनिटं द्या. घरी जाऊन येतो."

"कशाला? आहात तसे चालाल."

"असाच?" आजोबांना अवघडल्यासारखं झालं. "काही तयारी न करता?"

६

संध्याकाळी केबिनमध्ये चौघांचे नमुने घेऊन झाले. डॉक्टरबाईंचा हात काही हलका नव्हता. चारही जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी व्यवस्थापकांना खिडकीशी बोलावलं.

"या पाच पट्ट्या सकाळी मीच केल्या. सिस्टर साक्षीला आहेत, पाचही निगेटिव्ह होत्या. आता पाहा."

व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. दुसऱ्या आणि चौथ्या पट्टीवर वरच्या लाल रेघेखाली आणखी एक रेघ उमटली होती. फिकट, राखाडी.

"म्हणजे तुम्हाला फ्लू झालाय?" ते दोन पावलं मागे सरले.

"नाही, साहेब. ही पट्टी पंधरा मिनिटांत वाचायची, फार तर वीस. त्यानंतर ती वाळते, आणि वाळताना कधी कधी अशी रेघ सोडून जाते. त्यात ही फळी तव्यासारखी तापलेली. चिमणीची पट्टी तुम्ही वाचलीत, तेव्हा तिची वेळ केव्हाच टळून गेली होती."

व्यवस्थापक खुर्चीत बसले. वाईट माणूस नव्हता तो. निवासातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांची काळजी आणि विश्वस्तांची भीती, दोन्ही एकाच डोक्यात वागवत होता. "पण मग आणलं कुणी? आजी तर खाली उतरल्याच नाहीत. फ्लू काय भिंतीतून आला? ज्यांना आत सोडलं ते सगळे निगेटिव्ह होते! मी विश्वस्तांना काय सांगू? कुणीच नाही आणलं?"

"ते उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकीच्या आधी लॅबचा निरोप आला. चिमणी निगेटिव्ह. सिस्टर निगेटिव्ह. खोकणारे व्यायाममास्तर, निगेटिव्ह. चौथा नमुना पॉझिटिव्ह होता.

"आजोबा?" व्यवस्थापकांनी हात झटकला. "त्यात काय नवल? तिच्या उशाशी बसून होते. तिच्याकडून त्यांना लागला."

"असेलही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण काल सकाळी सिस्टरांनी त्यांची गेटवर टेस्ट केली ती निगेटिव्ह, आणि संध्याकाळी मी नमुना घेतला तो पॉझिटिव्ह. एकाच दिवसात, एकाच नाकात. मधे कुठे गेला होता फ्लू?"

त्यांनी पर्स उचलली. "बैठक थोडी थांबवा. मी समोरच्या इमारतीत जाऊन येते."

७

आजोबांची खोली आरशासारखी लख्ख होती. दाराशी चपलांची जागा, चपलांशेजारी बेसिन. बेसिनच्या फळीवर मिठाची बरणी, पाणी उकळायचं पातेलं आणि लांब तोटीचं छोटं भांडं, पुसून पालथं घातलेलं.

डॉक्टरबाईंना जे शोधायचं होतं ते उंबऱ्यातूनच दिसलं. त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

"हे रोज करता?" त्यांनी विचारलं.

"तिकडे निघायच्या आधी. कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून सोडायचं, दुसरीतून काढायचं. पाच-सहा वेळा, अगदी स्वच्छ होईपर्यंत. मग रस्ता ओलांडला की गेट." आजोबांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "दाताच्या डॉक्टरकडे जाताना आपण दात घासून जातोच की. सिस्टरांना घाण नाक कशाला दाखवायचं? आणि बाहेरचं काही तिच्यापर्यंत नको जायला."

"काल सपाता काढायला वाकलात, तेव्हा नाकातून पाणी आलं."

"ते राहतं थोडं आत. वाकलं की येतं." ते ओशाळून हसले. "लोकांना वाटतं रडतोय."

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. मनातल्या मनात त्यांनी देवाकडे शब्द मागितले.

"आजोबा, मंगळवारी तुम्हाला थंडी वाजत होती का?"

आजोबा चकित झाले. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी कुणालाच बोललो नाही. अंग मोडून आलं होतं जरा. बुधवारीही. पण टेस्ट निगेटिव्ह आली ना! म्हटलं, मशीनच नाही म्हणतंय तर आपण कशाला संशय घ्या. वयाची थंडी."

"मंगळवारी आजींनी उकाड्यात खिडकी बंद ठेवली होती. मला थंडी वाजतेय म्हणाल्या आणि हाताने वारा घेत होत्या. ती थंडी त्यांची नव्हती." त्या हळूहळू सांगू लागल्या. "त्या काडीला नाकातला विषाणू चिकटावा लागतो, भरपूर चिकटावा लागतो, तेव्हा कुठे पट्टीला दिसतो. नाक नुकतंच धुतलेलं असलं की काडीवर येतं फक्त पाणी. वरची लाल रेघ तरीही उमटते. थेंब पट्टीवरून नीट वाहिले, एवढंच ती सांगते. काडीवर नाकातलं काही होतं का, हे तिला कळत नाही. निगेटिव्ह म्हणजे नाही असं नसतं, आजोबा. सापडलं नाही, एवढंच. आणि नाकातून धुतलं गेलं तरी घशात, श्वासात ते असतंच. तासाभरात नाकातही परत येतं. मास्क लावून का होईना, तुम्ही पूर्ण दुपार त्यांच्याजवळ बसायचा."

आजोबा तोटीच्या भांड्याकडे पाहत होते.

"तिला पाणी पाजताना मास्क काढायचो," ते शेवटी म्हणाले. "मी निगेटिव्ह होतो ना. तिला माझं तोंड बघायचं असायचं." मग, अगदी लहान आवाजात, "म्हणजे मीच."

डॉक्टरबाईंना खोटं बोलता आलं असतं. नाही म्हणता आलं असतं. "बहुतेक तुमच्याकडून," त्या म्हणाल्या. "रविवारी नातीकडून तुम्हाला, मंगळवार-बुधवारी तुमच्याकडून त्यांना. पण दोष आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही जितकं जपलंत तितकं त्या इमारतीत कुणीही जपलं नसेल. अहवालात मी तुमचं नाव लिहिणार नाही. भेटीला आलेली व्यक्ती, एवढंच लिहीन."

"आणि ती पोर? सिस्टर म्हणत होत्या, तिला काढतायत."

"बैठक आता आहे."

आजोबा उठले. चपला घातल्या. बेसिनपाशी सवयीने क्षणभर थबकले. मग भांड्याला हात न लावता त्यांनी फक्त मास्क बांधला.

"नाव लिहा," ते म्हणाले. "भेटीला आलेली व्यक्ती म्हटलं, तर लोक मास्तरांच्या खोकल्याकडे बघतील. चला, मी फाटकाबाहेर उभा राहून सांगतो. आत नाही येत."

८

विश्वस्त अंगणात आले आणि आजोबा फाटकापलीकडून बोलले. चार वाक्यं होती सगळी. सिस्टर केबिनच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या हलक्या हाताकडे पाहत राहिल्या.

चिमणीला बाहेर आणलं होतं. ती फाटकाशी गेली, गजांपासून चार हात अलीकडे थांबली.

"पोरी," आजोबा म्हणाले, "तीन दिवस माझं ओझं तू वाहिलंस. दे आता इकडे."

चिमणीने मान हलवली. डॉक्टरबाईंना ती मोडलेली घडी आठवली, आणि त्या मुद्दाम दोन पावलं मागे सरल्या. पण शब्द ऐकू आलेच.

"आजोबा, एक सांगायचंय. आजींनी शपथ घातली होती, पण आता त्याच नाहीत." तिने ओढणीने डोळे पुसले. "मंगळवारी तुम्ही त्यांचा हात धरलात ना, तेव्हाच त्यांना कळलं. तुम्ही हात धुवायला बाहेर गेलात तेव्हा मला म्हणाल्या, 'ह्यांचं अंग तापलंय.' मी म्हटलं, अहो आजी, गेटवर टेस्ट झालीये, निगेटिव्ह आहेत ते. तर म्हणाल्या, 'पट्टी काहीही सांगू दे, बासष्ट वर्षं तो हात माझ्या हातात आहे. पण खाली बोलू नकोस हां, नाहीतर यांना आठवडाभर फाटकातून परत पाठवतील. खिडकी तेवढी लावून घे, यांना थंडी वाजते.' मी पट्टीवरच विश्वास ठेवला. आणि माझी रेघ दिसली तेव्हा तर वाटलं, मीच आणला तो आजार."

आजोबांनी गज धरले. "तिला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी येऊ दिलं मला?"

"वाट बघायच्या हो. बुधवारी तर आरसा मागून घेतला."

आजोबांनी गजावरचा आपला हात उलटा केला आणि तळव्याकडे पाहत राहिले. या वेळी खाली पडलेले थेंब नाकातले नव्हते.

व्यवस्थापक मघापासून घसा साफ करत होते. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. शेवटी ते चिमणीला म्हणाले, "इथेच उभी राहणार आहेस का? तीन नंबरच्या आजी सकाळपासून तुझ्या नावाने ओरडतायत. सिस्टरांच्या हातचं औषध घेत नाहीत म्हणे."

चिमणी आत पळाली. डॉक्टरबाईंनी अहवाल काढला. उशिरा वाचलेल्या पट्टीचं लिहिलं, धुतलेल्या नाकाचं लिहिलं, अंगात कसकस असेल तर पट्टी काहीही म्हणो, माणसाला आत सोडू नये, असं लिहिलं. आजोबांनी सांगितलं होतं म्हणून त्यांचं नावही लिहिलं.

आजींच्या हाताबद्दल मात्र त्यांनी काहीच लिहिलं नाही. सही केली आणि बैठकीआधी दिलेला, आता गार झालेला चहा पिऊन टाकला.